संहितेआधीचं नाटक

मंडळी, डोणगावच्या या सभेत बसलेल्या ज्येष्ठांनी बहुरूपी नक्कीच पाहिला असेल. खाकी वेशातला तो ‘पोलीस’ दारात येऊन दरडावायचा, ‘चला, वॉरंट आहे!’ घरधनी ‘तू खोटा पोलीस आहेस’ म्हणाला, की खेळ तिथंच संपला. पण ‘साहेब, आधी चहा घ्या, मग बेड्या घाला’ म्हणाला, की खेळ रंगलाच. आयत्या वेळच्या नाटकाचं पहिलं तत्त्व हेच: समोरच्यानं मांडलेलं मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी अशा नाट्याची खेळांवर आधारलेली पद्धत १९६३ साली पुस्तकात मांडली. आपल्याकडे ते ओट्यावर चालत आलेलं होतं.

आता थोडा इतिहास बघू. ५ नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन मानतो, तो विष्णुदास भावे यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’मुळे. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नसत. पदातून कथा कुठवर आली हे धरून नट आपल्या शब्दांत बोलायचा. कोकणातल्या दशावतारात आजही असंच चालतं. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. हे दुसरं तत्त्व: शब्द मोकळे, पण कथेची चौकट पक्की. चौकट नसेल तर ती नुसती बडबड.

तिसरं तत्त्व ऐकण्याचं. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याचा शब्द उचलतो आणि त्याचा भलताच अर्थ लावतो. आपलंच पुढचं वाक्य मनात घोकणाऱ्याला हे जमायचं नाही. आपल्या दर्शनांतही आधी पूर्वपक्ष नीट समजून मांडायचा आणि मगच उत्तर द्यायचं, अशी शिस्त आहे. सोंगाड्या तीच शिस्त पाळतो, फक्त त्याला विचार करायला क्षणभरच मिळतो.

मग हे सगळं मागं का पडलं? विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ साली आलं आणि पुढे लिखित गद्य नाटक रुजलं. त्यानं मराठीला फार मोठं दिलं, यात शंका नाही. पण आपण मास्तर मंडळींनी नाटकाचा इतिहास म्हणजे नाटककारांचा इतिहास असंच शिकवलं. ज्यानं लिहिलं तो उरला. जो उभ्या उभ्या बोलला तो विसरला गेला. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आलं. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी बोलत आणि प्रेक्षक तेच ऐकायला पुन्हा पुन्हा येत. पण छापील पुस्तकात ते कुठून सापडणार?

म्हणून एक विनंती. घरी आजी-आजोबांना विचारा, बहुरूपी काय म्हणाला होता आणि तुम्ही काय उत्तर दिलंत. दोन्ही वाक्यं लिहून ठेवा. तो खेळ दोघांचा होता. एकाचंच वाक्य उरलं, तर निम्मा इतिहास पुन्हा हरवेल.