नाण्यांची प्रतवारी
नाण्यांची प्रतवारी म्हणजे संग्राह्य नाण्याची झीज, ठशाची स्पष्टता, पृष्ठभागाची अवस्था आणि मूळ झळाळी यांची पाहणी करून त्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत होय. नाण्याची दुर्मीळता आणि प्रत या दोन वेगळ्या बाबी आहेत. अतिशय दुर्मीळ नाणे हीन प्रतीचे असू शकते, तर सर्वत्र मिळणारे नाणे उत्तम प्रतीत सापडणे कठीण जाते. बाजारभाव या दोहोंवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात घरोघरी आढळणारी शिवराई आणि ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ही प्रतवारीचे दोन निरनिराळे प्रश्न दाखवणारी उदाहरणे आहेत.

श्रेणी
आज प्रचलित असलेली ७० अंकांची मोजपट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. ती मुळात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांपुरती होती. (खुद्द शेल्डन यांनी एका संस्थेच्या संग्रहातील चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी आपली हलक्या प्रतीची ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले.) पुढे ती मोजपट्टी सर्व नाण्यांना लावण्यात आली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकन कंपन्यांनी नाणे तपासून, प्रत नोंदवून बंद प्लास्टिकच्या पेटीत देण्याची प्रथा रूढ केली.

भारतीय संग्राहकही इंग्रजी नावेच वापरतात. ‘गुड’ या शब्दाने नवख्याची फसगत होते. या प्रतीचे नाणे चांगले नसते, तर पुष्कळ झिजलेले, बाह्यरेखा तेवढी उरलेली असते. ‘फाईन’ प्रतीत झीज सर्वत्र दिसते, पण अक्षरे व मुख्य आकृती वाचता येतात. ‘व्हेरी फाईन’ प्रतीत बारीक नक्षीचा बराच भाग शिल्लक असतो. ‘एक्स्ट्रीमली फाईन’ प्रतीत झीज केवळ सर्वांत उंच भागांवर असते, आणि ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे चलनात न फिरलेले, झिजेचा मागमूस नसलेले नाणे. या शेवटच्या प्रतीला ६० ते ७० अंक मिळतात. त्यांतील भेद टाकसाळीतील ओरखडे, ठशाचा जोर आणि झळाळी यांवरून केला जातो.

शिवराईची प्रतवारी
छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ मध्ये, रायगडावरून सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई चलनात आली. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’ ही अक्षरे असतात. भोवती बिंदूंचे वर्तुळ दिसते. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे लेखनभेदही आढळतात. पेशवाईतही शिवराया पाडल्या जात राहिल्या.

हे नाणे यंत्रावरचे नव्हे. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घणाचा घाव घातला जाई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने एकाच नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच येतो. घाव तिरपा पडला तर एका कडेची अक्षरे खोल आणि दुसऱ्या कडेची पुसट उमटतात. त्यामुळे शिवराईवर ‘श्री’चा अर्धाच भाग असणे ही झीज नव्हे. शेल्डनची मोजपट्टी येथे जशीच्या तशी लावणे अन्यायाचे ठरते. जाणकार तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवतात: ठसा मध्यावर पडला आहे का, तो जोरात उमटला आहे का, आणि जे उमटले त्याची नंतर किती झीज झाली.

झीज आणि फिका ठसा यांतला फरक भिंगाखाली ओळखता येतो. झिजलेल्या भागी अक्षराचे माथे सपाट आणि गुळगुळीत होतात, मूळ तांब्याच्या पोताचा तेथे मागमूस राहत नाही. फिका ठसा उमटलेल्या भागी मात्र अक्षर अर्धवट असले तरी चकतीचा खरबरीत पोत कायम राहतो. पाच ते दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एका बाजूने येणारा दिव्याचा प्रकाश एवढी सामग्री पुरते. नाणे कडेने धरून हळूहळू तिरपे करावे. सरळ वरून पाहिल्यास अर्धी माहिती निसटते.

ब्रिटिशकालीन रुपया
१८३५ पासून कंपनी सरकारने देशभर एकसारखा रुपया चालू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारापैकी अकरा भाग. यंत्राने पाडलेल्या या नाण्यांना शेल्डनची मोजपट्टी नीट लागू पडते. राणी व्हिक्टोरियाच्या मुकुटधारी रुपयावर कानाजवळचे केस, गाल, मुकुट आणि वस्त्रावरील नक्षी हे उंच भाग आधी झिजतात, म्हणून परीक्षक प्रथम तेच पाहतात.

पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयाची गोष्ट वेगळी आहे. राजाच्या वस्त्रावरील मानपदकाच्या साखळीत कोरलेला छोटा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसे. त्यावर नाराजी उठल्याने ती नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसेल अशी आकृती कोरली गेली. १९११च्या नाण्यावरील आखूड सोंड ही झीज समजून प्रत खाली उतरवणे चूक आहे, आणि पुढच्या वर्षांच्या नाण्यावर ती आखूड दिसली तर मात्र ती झीजच.

मराठी घरांतील रुपयांना आणखी एक इतिहास असतो. अनेक रुपयांना कडी लावून माळ केलेली असते. कडी काढली तरी कडेवरील डाखाचा डाग राहतो. सराफांनी खरेपणा पडताळण्यासाठी मारलेले बारीक छापही दिसतात. अशी नाणी ‘एक्स्ट्रीमली फाईन’ अवस्थेत असली तरी त्यांच्या प्रतीपुढे ‘डाखाची खूण’ असा शेरा द्यावा लागतो.

राप आणि साफसफाई
नाण्याची प्रत सर्वांत जास्त बिघडते ती घरच्या साफसफाईने. लक्ष्मीपूजनाला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर जुनी शिवराईही चिंच किंवा पितांबरीने घासून लख्ख करण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. चिंचेतील आम्ल तांब्यावरील राप विरघळवते आणि घासण्याने बारीक ओरखडे उठतात. तपकिरी वा हिरवट, घट्ट बसलेला राप धातूचे रक्षण करतो, शिवाय नाणे किती काळ आणि कशा जागी राहिले याची साक्ष देतो. एकदा गेलेला राप परत आणता येत नाही. चकचकीत शिवराई अनेकदा राप चढलेल्या ‘फाईन’ शिवराईपेक्षा कमी किमतीला जाते, हे ऐकून देवघरातली नाणी दाखवायला आणणारे थक्क होतात.

याला अपवाद फिकट हिरव्या भुकटीचा. क्लोराइड आणि ओलावा मिळून तांबे खात जाणारा तो रोग आहे. अशा नाण्याला वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे. लोधिवली, चौक, कर्जत या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा नाणी कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवणे हिताचे. पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटे वापरू नयेत. काही वर्षांत ती नाण्यावर चिकट हिरवा थर चढवतात.

बनावट नाणी
शिवकालीन होनाच्या आणि शिवराईच्या प्रतिकृती बाजारात सर्रास दिसतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ दिसतात, आणि कडेभोवती साच्याची शिवण सापडते. खरेपणा ठरण्यापूर्वी प्रत ठरवण्यात अर्थ नाही.

कायदा
जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन १८७८च्या भारतीय निधी-निखात अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रायगड जिल्ह्यात ते कार्यालय अलिबागला आहे. अशी नाणी नोंदणीपूर्वी धुऊ नयेत. मातीचा थर आणि एकत्र सापडलेली इतर नाणी मिळून निधी कोणत्या काळात पुरला गेला याचा अंदाज बांधता येतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष अधिनियमाखाली येतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून परदेशी कंपनीकडून शिवराईची प्रत ठरवून घेणे भारतातील संग्राहकाला सहसा शक्य होत नाही. नाणकशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे.