अनुदान कोणास मिळालें?

सरकार शेतकऱ्यास पैसा देतें हें सर्वांस ठाऊक असतें. तो नेमका कोणाच्या पदरांत पडला, हें मात्र युरोपांतील बहुतेक देशांच्या करदात्यांस चाळीस वर्षें कळत नव्हतें.

तेथील सहा राष्ट्रांनीं १९६२ सालीं समाईक कृषिधोरण अंगीकारलें. युद्धकाळांतील उपासमार लोक विसरले नव्हते. आरंभीं शेतकऱ्यास रोख रक्कम न देतां बाजारभाव उंच ठेवीत. त्यापायीं पुढें लोण्याचे डोंगर सांचले. मदत भावांतच मिसळलेली असल्यावर यादी तरी कशाची करावी? १९९२ सालच्या सुधारणेनें भाव उतरविले, आणि तूट भरून काढण्यासाठीं जमिनीच्या व जनावरांच्या मानानें शेतकऱ्याच्या नांवें रोख रक्कम निघूं लागली. कचेऱ्यांत याद्या तयार झाल्या. प्रश्न उरला तो त्या दाखविण्याचा.

२००४ सालीं डेन्मार्कनें त्या खुल्या केल्या. पुढल्याच वर्षीं, माहितीच्या हक्काचा कायदा अंमलांत येतांच, ब्रिटनमध्यें यादी बाहेर आली. तींत खुद्द राणी एलिझाबेथ, वेस्टमिन्स्टरचे ड्यूक आणि टेट अँड लाइल ही साखरेची कंपनी! यांनीं चोरी केली नव्हती. कायद्यानें देऊं केलें तें घेतलें. दोष कायद्यांत होता, आणि नांवांवांचून तो डोळ्यांत भरत नव्हता. सुमारें शेंकडा ८० रक्कम शेंकडा २० लोकांकडे जाते, हें अधिकाऱ्यांच्या अहवालांत पूर्वींच छापलेलें होतें. परंतु आंकड्यानें कोण दचकतो?

पुढें युरोपीय संघानें सर्वच लाभार्थ्यांचीं नांवें प्रसिद्ध करण्याचा नियम केला. तेव्हां जर्मनीच्या हेस्से प्रांतांतील एक शेतकरी व एक शेती-भागीदारी न्यायालयांत गेली: आमची मिळकत जगापुढें कां मांडतां? हें गाऱ्हाणें मला क्षुल्लक वाटत नाहीं. मीं शिकविलें त्या शाळेंत नादारीची यादी फळ्यावर लावीत नसत, कपाटांत ठेवीत; यादींत नांव येणें म्हणजे घरची गरिबी चव्हाट्यावर येणें. ता. ९ नोव्हेंबर २०१० रोजीं लक्झेंबर्गच्या न्यायालयानें व्यक्तींपुरता तो नियम रद्द केला. करदात्यास हिशेब दाखविणें हा हेतु योग्य, असें न्यायालयानेंही मानलें. परंतु रक्कम किती, किती काळ व किती वेळां मिळाली, हें न पाहतां सरसकट नांवें छापणें त्यास मान्य झालें नाहीं. कंपन्यांचीं नांवें मात्र उघडींच राहिलीं.

२०१३ सालीं नवा नियम आला. नांवें पुनः प्रसिद्ध होऊं लागलीं; पण लहान शेतकऱ्याचें, म्हणजे ज्याचें वार्षिक साह्य फार तर १,२५० युरोंपर्यंत आहे त्याचें, नांव झांकावें असें ठरलें. माझ्या मतें ही रेघ योग्य जागीं ओढली गेली. राजवाडा उघडा, झोंपडी झांकलेली.

आपल्या २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील चौथें कलम याच प्रश्नाशीं निगडित आहे. अनुदानाच्या योजनांतील रकमा व लाभार्थ्यांचा तपशील सरकारी कचेरीनें, कोणी न मागतां, आपण होऊन प्रसिद्ध करावा, असें त्यांत म्हटलें आहे. त्या कलमांत रकमेची मर्यादा मात्र घातलेली नाहीं. एका एकराची धनीण असलेली विधवा आणि लाखांचें अनुदान उचलणारा बागाईतदार, दोघांसही तेंच कलम लागू आहे.