कोरड्यास : भाजलेल्या भोपळ्याची हकीकत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह, सनदा आणि लढाया उभ्या राहतात. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु लढाईच्या आदल्या रात्री शिपाई काय जेवला, गडाचा चुना मळणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरीबरोबर काय बांधलेले होते, असे विचारले तर बखरी बहुधा गप्प बसतात. आम्ही शाळा लवकर सुटलेली माणसे. आमचे वाचन झाले ते रात्री, युनियनच्या कचेरीत, दिवसाचे तंटे मिटल्यावर. त्यामुळे पुस्तकात जे नाही तेच विचारण्याची खोड आम्हांस लागली आहे. आज त्या खोडीपायीच हा विषय आपल्यापुढे मांडीत आहोत.

बारामती-इंदापूरच्या मुलखात भाकरीबरोबर तोंडी लावायला जे काही असेल त्याला 'कोरड्यास' म्हणतात. ते पिठले असो, आमटी असो की नुसता ठेचा. "भाकरी आहे, पण कोरड्यास काही नाही," या एका वाक्यात कित्येक घरांची वर्षे सामावलेली असतात. या कोरड्यासांतले एक फार साधे, फार स्वस्त आणि फारसे कोणी न लिहिलेले म्हणजे आरात भाजलेला तांबडा भोपळा, अर्थात डांगर. त्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम कृती सांगतो, कारण कृतीतच निम्मा इतिहास आहे. चुलीवरची शेवटची भाकरी उतरली की लाकडे मागे ओढावीत आणि आर पसरावा. लहानसा भोपळा असेल तर तो अख्खाच, सुरीने दोन-तीन ठिकाणी भोसकून, आरात ठेवावा. भोसकला नाही तर आतली वाफ कोंडते आणि भोपळा फुटतो. मोठा असेल तर फोडी करून साल खाली ठेवावी आणि भोवती गरम राख ओढावी. मधूनमधून फिरवीत राहावे. साल काळी पडली आणि काडी सहज आत गेली की काढावा. गर खरवडून त्यात मीठ आणि मिरची-लसणाचा ठेचा कालवावा. कांदा असेल तर कांदा, दही असेल तर दही. दही आणि मोहरीची फोडणी पडली की त्याचेच शहरी घरातले भरीत होते. बिया गरम राखेत भाजून पोरांच्या हाती द्याव्यात.

आता पाहा, या सगळ्यात काय काय लागले नाही. तेल लागले नाही. भांडे लागले नाही, कारण साल हेच भांडे. वेगळे सरपण लागले नाही, कारण भाकरीसाठी पेटवलेल्या चुलीचाच आर कामी आला. पाणी लागले नाही. उलट भोपळ्यातले पाणी वाफ होऊन गेले आणि गोडी दाट झाली. शिजवलेला भोपळा पुष्कळदा पांचट लागतो, भाजलेला लागत नाही, याचे कारण हेच. ज्याच्या घरी तेलाची बाटली रिकामी आहे, पाणी दूरवरून आणायचे आहे आणि दिवसभर राबून आलेल्या बाईला उभे राहण्याचे त्राण नाही, त्या घरानेच ही कृती शोधली असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही.

परंतु हा तांबडा भोपळा आपला आहे काय? येथे भल्याभल्यांच्या भ्रमाचा भोपळा फुटतो. आपल्याकडे भोपळे दोन. एक दुध्या. त्याचे मूळ आफ्रिकेत. पण तो भारतात इतक्या प्राचीन काळी आला की तो येथलाच झाला. त्याचाच वाळवून कमंडलू झाला, त्याचीच सांगड बांधून माणसे नदीपार झाली, त्याचेच तुंबे साधूंच्या खांद्याला लागले. तीर्थयात्रेला पाठवलेला, प्रत्येक नदीत बुडवून आणलेला आणि तरीही कडूच राहिलेला जो भोपळा कीर्तनकार सांगतात, तो याच जातीचा. दुसरा तांबडा. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत या कुळातल्या भोपळ्याच्या लागवडीचा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मिळाला आहे. म्हणजे तेथील माणसाने मक्याच्याही आधी भोपळा जवळ केला. पुढे मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके तेथील लोक एकाच वाफ्यात घेऊ लागले. मक्याच्या ताटाला घेवडा चढे आणि भोपळ्याचा वेल जमीन झाकून ओल राखी.

कोलंबस १४९२ मध्ये त्या खंडाला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची, काजू, अननस, पेरू असे जे जे आले, त्याच ओघात तांबडा भोपळाही आला. आल्यावर त्याने जुन्या भोपळ्याचे नावच घेतले. आज नुसते 'भोपळा' म्हटले तर पुष्कळ ठिकाणी हाच समजतात, आणि मूळच्या भोपळ्याला ओळख पटवण्यासाठी 'दुध्या' म्हणवून घ्यावे लागते. गोष्टीतली म्हातारी ज्यात बसून लेकीच्या घरून परत आली, तो भोपळाही चित्रकार तांबडाच काढतात. गंमत म्हणजे आपल्या उपासाच्या ताटातले बटाटा, रताळे, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद आणि हा भोपळा, हे सगळे समुद्रापलीकडचे पाहुणे आहेत. धर्मशास्त्राने त्यांना हरकत घेतली नाही, पोटाने तर मुळीच नाही. बाहेरगावाहून पोट भरायला आलेल्या माणसाकडे 'हा कुठला' म्हणून पाहणाऱ्यांनी आपल्या एकादशीच्या ताटाकडे एकदा पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

हा पाहुणा आमच्या कोरड्या मुलखात का रुजला? उकिरड्याच्या कडेला बी पडले तरी तो उगवतो. वेल छपरावर चढवला की जमीन अडत नाही, म्हणून भूमिहीनालाही तो लावता येतो. आणि पक्का झालेला भोपळा देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला तर कित्येक महिने टिकतो. पालेभाजी एका दिवसात मान टाकते, भोपळा उन्हाळ्यापर्यंत माळ्यावर वाट पाहतो. ज्यांच्या हाती पैसा सुगीत एकदाच येतो, त्यांना असे टिकणारे कोरड्यास म्हणजे साठवलेला दिलासाच.

तथापि भोपळ्याने गरिबांस तारले, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण ते खरे नाही. १८७५ हे साल घ्या. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जिच्या परंपरेत आज आपण बसलो आहोत. आणि त्याच साली १२ मे रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ओढून काढली व जाळली. त्यातून पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. मध्ये आला १८७६ ते ७८ चा दुष्काळ. ज्या वर्षी पाऊसच नाही त्या वर्षी वेलही नाही; माळ्यावरचा भोपळा संपला की संपला.

माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉयचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे मान उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर असे ठरवले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली. एवढ्या धान्यावर राबणारे शरीर टिकणार नाही, डाळ-भाजीवाचून नुसते धान्य म्हणजे अन्न नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी डॉक्टरची वाट पाहिली नाही. मजुरी कमी आणि कामे दूर, हे पाहून हजारो माणसे, बाया-पोरे घेऊन, कामावरून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. त्या काळी आमच्यासारखी संघटना नव्हती, वर्गणीची पावती नव्हती, झेंडा नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली ती १८८४ मध्ये. त्याच्या सात वर्षे आधी या दख्खनच्या माळावर उपाशी माणसांनी काम नाकारले होते, हे कामगार चळवळीच्या इतिहासात ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.

त्या दुष्काळाच्या धक्क्यातूनच नीरा डाव्या कालव्याच्या कामाला जोर आला, आणि १८८० नंतरच्या दशकात बारामती-इंदापूरच्या रानात पाणी खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे. १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. आमची जळोचीही या बदलात मागे राहिली नाही. एकेकाळचे हे लहान गाव आता बारामती शहरातच जमा झाले आहे, आणि तेथील उपबाजारात फळांचे व भाजीपाल्याचे सौदे होतात.

परंतु ऊस तोडायला माणसे येतात ती बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या, ज्या भागांच्या वाट्याला कालवा आला नाही, त्या मुलखातून. दिवाळीच्या सुमारास निघायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहायचे. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि मजुरी टनावर. पहाटे अंधारात फडात जायचे ते गाडी भरेपर्यंत. अशा एका तळावर आम्ही संध्याकाळी बसलो होतो. तीन दगडांच्या चुलीपाशी एक म्हातारी होती. आम्ही विचारले, "मावशी, आज कोरड्यास काय?" ती म्हणाली, "हाय की डांगार. आरात घातलंय. त्याल संपलंय, मग काय करायचं, दादा?" अख्खा भोपळा बाईने पहिल्यांदा चिरू नये, पुरुषाने पहिला वार करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या तळावर ती कोण पाळत होते आम्ही विचारले नाही. ज्या बाया दिवसभरात टनांनी ऊस तोडतात, त्यांच्या हातून भोपळ्याला कसला दोष लागणार!

त्या भोपळ्याची चव उत्तम होती, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण म्हातारीचे वाक्य ऐकल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. हल्ली साध्या खाण्याची फार स्तुती होते. निखाऱ्यावर भाजलेल्या, बिनतेलाच्या भाज्या शहरातल्या हॉटेलांत मोठ्या कौतुकाने वाढतात. त्यात वाईट काही नाही. परंतु तेल असून न घालणे हा आवडीचा प्रश्न आहे, आणि तेल नसल्यामुळे न घालणे हा मजुरीचा प्रश्न आहे. पदार्थ एकच, पण इतिहास दोन. गरीब माणूस साधेपणात सुखी होता, असे जे लिहितात ते या दोन इतिहासांची गल्लत करतात.

आकडाही पाहा. शंभर ग्रॅम भोपळ्यात सुमारे पंचवीस उष्मांक असतात. राबणाऱ्या माणसाला २७०० उष्मांक लागतात असे धरले, तर नुसत्या भोपळ्यावर ते मिळवायला दहा किलोंहून अधिक भोपळा रोज खावा लागेल. म्हणजे कोरड्यास भाकरीची जागा घेऊ शकत नाही. पण भाकरीही कोरड्यासाची जागा घेऊ शकत नाही, कारण डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्या पिवळ्या-तांबड्या रंगातून शरीर तयार करते, तो भोपळ्याच्या गरात आहे आणि ज्वारीत तो नावापुरताच आहे.

२७०० हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे सूत्र ठरवले त्यातला तो आहे. एका कमावत्यामागे तीन माणसांचे मान धरावे, डॉ. ऍक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळीसाठी वेतनाचे २० टक्के, असे ते सूत्र. हे ऍक्रॉइड कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही होते. त्यांच्या आहारात धान्याबरोबर डाळ, भाजी, दूध आणि तेलही मोजलेले आहे. म्हणजे १८७७ मध्ये माळावरच्या मजुराने पाय उचलून जे सांगितले, ते ऐंशी वर्षांनी कागदावर आले. कागदावरून चुलीपर्यंत येण्याचे काम अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.

तेव्हा आमची विनंती दोनच गोष्टींची. एक, आपापल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, कोणत्या महिन्यात कोणते कोरड्यास होते, ते कोठून येई आणि कशावाचून अडे, हे वहीत लिहून ठेवा. पाच-पन्नास गावांच्या अशा वह्या जमल्या तर या मुलखाचा एक नवाच इतिहास तयार होईल. दुसरी, मजुरीचा तक्ता समोर आला की त्यात धान्याच्या खालची ओळ वाचा. तेथे भाजी आणि तेल धरले आहे की नाही, हे पाहा. नसेल तर तेथेच बोट ठेवून विचारा. पुढच्या हंगामाचे दर ठरतील तेव्हा आम्हीही तेच विचारणार आहोत.