आमच्या गावात आम्हीच सरकार

आमच्या वाघोडिया तालुक्यात आजवा सरोवर आहे. महाराजा सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बांधून घेतलं, म्हणून बडोद्याला नळाचं पाणी मिळालं. राजा दूरदृष्टीचा, प्रजेचं भलं झालं. पण राजा नसेल तिथे पाणी, जंगल सांभाळायचं कुणी? त्याचं उत्तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दिलं आहे.

धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. भोवतीचं जंगल पिढ्यानपिढ्या त्यांच्या वापरातलं. पण स्वातंत्र्यानंतर ते वनखात्याकडे गेलं, बांबू कागद कारखान्याकडे जाऊ लागला. गावकऱ्यांना मात्र सरपणालाही खात्याची मर्जी राखावी लागे.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध या भागातले आदिवासी एकवटले. त्या जागृतीतून मेंढ्याची ग्रामसभा उभी राहिली. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांचा त्यात मोठा वाटा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचे. बायकांनीही सभेत बसायचं, बोलायचं. दारूबंदी, जंगलाची राखण, किती तोडायचं आणि किती ठेवायचं, सगळं तिथेच ठरे.

पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना खात्याच्याच हातात होता. गाव अडून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तो अधिकारही ग्रामसभेकडे आला.

मला सर्वांत भावली ती मधाची गोष्ट. पूर्वी पोळं जाळून मध काढत. मेंढ्याने अभ्यास करून नवी रीत बसवली: मधाचा भाग तेवढा कापायचा, माशा मारायच्या नाहीत, पोळं शाबूत ठेवायचं. आपण हिंसा नको म्हणून मध सोडला. त्यांनी मध ठेवून हिंसा सोडली.

बायांनो, पाणी गाळून प्यायचं हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. ते पाणी येतं त्या तळ्याची, विहिरीची काय दशा आहे, हे ग्रामसभेत उठून विचारणं मला त्याच व्रताचा भाग वाटतं. मेंढ्याच्या बायका तिथे बसतात. आपल्या गावच्या सभेत आपण किती जणी जातो?