भूमि ग्रीसची, कुदळ परक्याची

जमिनीच्या पोटांत पुरलेला भूतकाल कोणाच्या मालकीचा? ज्या देशाच्या भूमींत तो सांपडतो त्या देशाचा, कीं ज्यांच्या विद्येनें व द्रव्यानें तो उजेडांत येतो त्यांचा? प्रथमदर्शनीं हा प्रश्न वकिली थाटाचा वाटतो. परंतु गेल्या दोन शतकांत राष्ट्रांचा अभिमान, विद्वानांची स्पर्धा आणि गरिबांचीं घरेंदारें हीं सर्व त्यांत गुंतलेलीं आहेत. ग्रीसनें ह्या प्रश्नाचें उत्तर फार लवकर व फार स्पष्टपणें दिलें. म्हणून त्या देशांतील परकीय संशोधन-संस्थांचा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तुर्की अमलांत ग्रीसच्या प्राचीन वैभवाला वाली नव्हता. इंग्रज वकील लॉर्ड एल्गिन ह्याच्या माणसांनीं १८०१ पासून पार्थेनॉन मंदिराचीं शिल्पें उतरविण्यास आरंभ केला. १८१६ सालीं तीं ब्रिटिश पार्लमेंटनें ३५,००० पौंडांस विकत घेतलीं. एजिना बेटावरील मंदिराचे पुतळे १८११ मध्यें युरोपीय प्रवाशांच्या हातीं लागले व ते बव्हेरियाचा युवराज लुडविग ह्यानें खरेदी केले; ते आजही म्यूनिकमध्यें आहेत. पुढें १८३२ सालीं ह्याच लुडविगचा पुत्र ऑटो स्वतंत्र ग्रीसचा पहिला राजा झाला, आणि त्याच्याच राजवटींत, १८३४ सालीं, देशांतील सर्व प्राचीन अवशेष पूर्वजांची कृति म्हणून समस्त ग्रीक जनतेची राष्ट्रीय संपत्ति होत, असें तत्त्व कायद्यानें सांगितलें गेलें. बापानें ज्या रीतीनें पुतळे मिळविले, ती रीत मुलाच्या राज्यांत तत्त्वतः तरी निषिद्ध ठरली!

तत्त्व ठरलें, पण खजिन्यांत पैसा नव्हता. ह्या अडचणींतूनच परकीय संस्थांचें युग सुरू झालें. अथेन्समध्यें फ्रेंचांनीं १८४६, जर्मनांनीं १८७४, अमेरिकनांनीं १८८१ व इंग्रजांनीं १८८६ सालीं आपापली संस्था स्थापिली. त्यांपैकीं फ्रेंच, अमेरिकन व इंग्रज संस्थांच्या नांवांत 'शाळा' हाच शब्द आहे. आज अशा संस्था दीड डझनाच्या आसपास आहेत. त्यांना शाळा म्हणत असले तरी तेथें घंटा वाजत नाहीं कीं फळा पुसला जात नाहीं. उत्तम ग्रंथालय, राहण्याची सोय, दोनचार वयोवृद्ध पंडित आणि मायदेशाहून आलेले तरुण अभ्यासक, हा तेथील संसार. मात्र कुदळ उचलण्यापूर्वीं ग्रीक सरकारची अनुज्ञा घ्यावी लागते, आणि प्रत्येक संस्थेस किती उत्खननें करतां येतील ह्यावरही कायद्याची मर्यादा आहे.

ह्या व्यवस्थेचा खरा पाया ऑलिंपियाच्या करारानें घातला गेला. तेथें १८२९ सालीं फ्रेंच मंडळींनीं थोडें खणून झ्यूसच्या मंदिरांतील कांहीं शिल्पें पॅरिसला नेलीं होतीं. पुढें बर्लिनचे प्राध्यापक अर्न्स्ट कुर्टिउस ह्यांनीं १८५२ च्या आपल्या व्याख्यानांतून तेथील संपूर्ण उत्खननाचा ध्यास जर्मन जनतेस लाविला, आणि १८७४ सालीं दोन्ही सरकारांत करार झाला. त्याच्या अटी आजही आश्चर्य वाटावें अशा आहेत. खर्च सर्व जर्मनीचा. सांपडेल तें सर्व ग्रीसचें. जर्मनीस मिळावयाचे ते फक्त साचे, प्रतिकृति व प्रकाशनाचा मान. एका वस्तूच्या अनेक प्रति निघाल्यास एखादी देणें न देणें हेंही ग्रीसच्या मर्जीवर. असा एकतर्फी सौदा बिस्मार्कसारख्या व्यवहारी पुरुषास रुचला नाहीं ह्यांत नवल नाहीं. तरीही १८७५ ते १८८१ पर्यंत काम चाललें. पाउसानियस ह्या प्राचीन प्रवाशानें वर्णिलेला हर्मीसचा पुतळा १८७७ सालीं हेरा देवतेच्या मंदिरांत सांपडला, आणि तो ऑलिंपिया सोडून परदेशीं गेला नाहीं.

ह्या अटीचा एक परिणाम आमच्या मतें विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. पुतळा घरीं नेतां येत असला म्हणजे खणणाराची दृष्टि पुतळ्यावरच खिळते. पायाचे दगड, कौलांचे तुकडे, मातीचे थर ह्यांची त्यास पर्वा राहत नाहीं. नेण्याची आशाच संपली म्हणजे उरतें तें केवळ ज्ञान, आणि ज्ञानाच्या बाजारांत खापरीलाही संगमरवराइतकें मोल येतें. अमेरिकन संस्थेच्या ऑस्कर ब्रोनीर ह्यांना १९३७ सालीं अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरींत थेमिस्टोक्लीजचें नांव कोरलेल्या सुमारें १९० खापऱ्या मिळाल्या. हद्दपारीच्या मतदानासाठीं केलेल्या त्या खापऱ्यांवरील अक्षर मोजक्याच हातांचें होतें. म्हणजे विरोधी पक्षानें मतें आगाऊ तयार करून ठेविलीं होतीं, असें अनुमान निघालें. निवडणुकीचें राजकारण किती जुनें आहे हें कोणत्याही देवाच्या पुतळ्यानें आपणांस सांगितलें नसतें.

तथापि ह्या इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. डेल्फीच्या अपोलोक्षेत्रावर कास्त्री नांवाचें खेडें वसलें होतें. तें उठविल्यावांचून खणणें अशक्य. फ्रान्सशीं वाटाघाटी जवळजवळ दहा वर्षें रेंगाळल्या, व त्यांत ग्रीक मनुकांवरील फ्रेंच जकातीचा प्रश्न येऊन मिसळला. मध्यंतरीं अमेरिकन विद्वानही डेल्फी मिळविण्याच्या खटपटीस लागले होते. अखेर १८९१ सालीं फ्रेंचांची सरशी झाली, व पुढच्या वर्षीं थिओफील ओमोल ह्यांच्या नेतृत्वाखालीं काम सुरू झालें. मोबदला हातीं पडण्यापूर्वीं कुदळ लावूं देण्यास गांवकऱ्यांनीं विरोध केला. शेवटीं सारें खेडें उचलून थोड्या अंतरावर वसविण्यांत आलें. १८९६ सालीं सांपडलेला कांशाचा सारथि पाहून जग धन्य झालें; परंतु ज्यांच्या चुली त्या जागेवरून हलल्या त्यांचीं नांवें कोणत्या संग्रहालयाच्या पाटीवर आहेत?

अथेन्सच्या प्राचीन चौकाचीही, म्हणजे अगोराचीही, तीच कथा. आशियामायनरमधील १९२२ च्या अनर्थानंतर निर्वासितांनीं अथेन्स भरून गेलें होतें. एवढ्या जागेचा मोबदला देणें सरकारला परवडेना. तें काम अमेरिकन संस्थेनें पत्करलें, धनिक रॉकफेलर ह्यांनीं द्रव्य दिलें, आणि १९३१ पासून शेकडों घरांची एक नांदती वस्ती क्रमाक्रमानें नाहींशी झाली. तिच्या जागीं लोकसत्तेची जन्मभूमि उघडी पडली.

करारांचें बळ शांततेच्या काळापुरतेंच असतें, हेंही ग्रीसनें अनुभविलें. १९४० मध्यें इटलीनें स्वारी केल्यावर अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील पुतळे तेथील अधिकाऱ्यांनीं जमिनीखालीं पुरून ठेविले. जन्मभर भूमींतून पुतळे वर काढणाऱ्या हातांनींच ते पुन्हां भूमीच्या हवालीं करावे, ह्याहून कठीण प्रसंग कोणता? आणि पुढें जर्मन सैन्याच्या अमलांत क्रीट बेटावर ग्रीक अधिकाऱ्यांना न जुमानतां उत्खननेंही झालीं.

ह्या ठिकाणीं आपल्या देशाची आठवण होणें स्वाभाविक आहे. १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा १९३२ सालीं दुरुस्त करून सरकारी खात्याबाहेरील संस्थांना उत्खननाची वाट मोकळी करण्यांत आली. त्यानुसार १९३५-३६ मध्यें अर्नेस्ट मॅके ह्यांनीं अमेरिकन संस्थांतर्फें सिंधमधील चन्हुदारो येथें उत्खनन केलें. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यापासून नुकताच वेगळा होत होता. सांपडलेल्या वस्तूंचा मोठा वांटा बॉस्टनच्या संग्रहालयांत गेला. ऑलिंपियाच्या करारानंतर साठ वर्षांनीं हें घडलें! ग्रीस दरिद्री होता, पण कायदा करणारा हात त्याचा स्वतःचा होता. आपला कायदा दुसरा लिहीत होता. १९७२ च्या कायद्यापर्यंतची आपली वाटचाल ह्या एका भेदानें समजते.

म्हणून परकीय विद्वान् येणें हें संकट नव्हे, तसें तें वरदानही नव्हे. सारें अटींवर अवलंबून आहे. ग्रीसनें अटी राखल्या, आणि त्याबरोबर स्वतःचे संशोधकही तयार केले. म्यूनिकमध्यें शिकलेल्या काव्वाडियास ह्यांनीं १८८५ ते १८९० पर्यंत अक्रॉपोलिस खणलें. १९७७ सालीं व्हेर्गिना येथील राजसमाधि मॅनोलिस अँड्रोनिकॉस ह्या ग्रीक प्राध्यापकानें उघडली. आपल्याकडे डॉ. सांकळिया लंडनच्या विद्यापीठांत विद्या संपादून, व्हीलर ह्यांच्या उत्खननांत हात मळवून, १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले, तीही वाट हीच. परक्याची कुदळ मागून आणण्यांत कमीपणा नाहीं; मात्र ती धरण्यास आपला हात शिकला पाहिजे, आणि खणतांना कोणाचें घर कोसळतें इकडे आपला डोळा असला पाहिजे. पहिली गोष्ट ग्रीसनें साधली. दुसरीच्या बाबतींत ग्रीसचा हिशेब अपुरा आहे, आणि आपलाही.