विंचवाचा उतारा

महाराष्ट्रात विंचू या एका नावात फार वेगवेगळे धोके सामावले आहेत. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू. दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने माणूस दगावणे दुर्मीळ. जीव घेतो तो बोटभर लांबीचा तांबडा विंचू, आणि त्याचेही सगळेच दंश जीवघेणे ठरत नाहीत. बहुतेकांना रात्रभर आग, कळा आणि दुसऱ्या दिवशी आराम.

मंत्राने विंचू उतरवण्याची ख्याती नेमकी या 'बहुतेकां'वर उभी राहिली. नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडच्या भात-नागलीच्या पट्ट्यात भगत, इतरत्र मांत्रिक. कोणी आघाड्याचे मूळ उगाळून लावी, कोणी झाडणी करी. वेदना आपोआप ओसरायच्याच, त्यामुळे दहांत आठ-नऊ वेळा यश उतरवणाऱ्याच्या पदरात पडे. उरलेला एखादा दगावला, तर दोष विंचवाच्या जातीला किंवा दैवाला. एकनाथांनी भारुडात विंचवाला कामक्रोधाचे रूप दिले, तेही श्रोत्यांना ती कळ ओळखीची होती म्हणूनच.

दगावणारे कशाने दगावतात, हे डॉक्टरांनाही बराच काळ नीट उमगले नव्हते. १९६१ मध्ये मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होण्याकडे लक्ष वेधले. पण उपचार चाचपडतच चालले होते: अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीच्या औषधांचे मिश्रण. यांतले काही निरुपयोगी होते, काही चक्क घातक.

डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्ररात्र खाटेशेजारी बसून त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून पुढे आलेली गोष्ट अनुभवी माणसालाही चकवणारी होती. नुसतीच प्रचंड कळ असणारा रुग्ण सहसा बचावतो. ज्याला दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, पण उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, त्याची खरी काळजी. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. विष शरीरातल्या चेताटोकांना उद्दीपित करते, अॅड्रेनलिनसारख्या रसांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि तोंडावाटे गुलाबी फेस येतो.

कारण कळल्यावर औषध शोधणे सोपे झाले. प्राझोसिन हे रक्तदाबाचे गोळीरूप औषध दुकानात मिळतच होते. रक्तवाहिन्यांचे आवळणे तेच सोडवते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तान्त आला. गंभीर रुग्णांतले मृत्यू पूर्वी शंभरात तीस-चाळीस होत असत. ते चारांच्या आत आले. स्वस्त गोळी, तीही तोंडाने घेण्याची, म्हणून खेड्यातल्या दवाखान्यातही ती ठेवता आली. मोठ्या शहरातल्या संशोधनाने खेड्याला काही द्यावे, या क्रमाची इथे उलटापालट झाली.

पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही आले. महाडमध्येच बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

कोळ्याच्या दंशाची अशी कथा महाराष्ट्रात घडली नाही, कारण इथल्या कोळ्यांच्या चाव्याने सहसा वेदना, सूज, क्वचित पेटके येतात आणि त्या लक्षणांपुरताच उपचार होतो. सावधगिरी मात्र दोन्हींसाठी एकच: पेंढ्याची गंजी, सरपण, दगडांची ताल उचकटताना नुसता हात आत न घालणे, रात्री अनवाणी न फिरणे, चपला-बूट व अंथरूण झटकून वापरणे. अतिनील दिव्याखाली विंचू निळसर-हिरवा चमकतो, त्यामुळे तो रात्री शोधणेही सोपे जाते. दंश झाल्यावर जागा चिरणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे टाळून रुग्णाला शांत ठेवावे आणि उलटी-घाम दिसताच, विशेषतः लहान मुलाला, तातडीने दवाखान्यात न्यावे.