कॉलेजची लायब्ररी ‘डिजिटल’ झाली म्हणजे नेमकं काय बदललं?

समजा, तुम्ही मानपाड्यात राहता. डोंबिवलीतला मानपाडा असो की ठाण्यात घोडबंदर रोडवरचा, कॉलेज गाठायचं म्हणजे ट्रॅफिक आलंच. एवढं करून लायब्ररीत पोचलात आणि कळलं, की हवं ते पुस्तक दुसऱ्याच कुणीतरी नेलंय! हा हेलपाटा वाचवणं, हाच लायब्ररी बदलण्यामागचा खरा मुद्दा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र हेच सांगतं : वाचकाचा वेळ वाचवा.

आधी काय होतं?
पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत नोंद, लाकडी खणात कार्ड आणि मग कुलूपबंद कपाट. विद्यार्थ्याने चिठ्ठी द्यायची आणि वाट बघायची.

आता काय आहे?
बारकोड आणि सॉफ्टवेअर. ‘सोल’ हे यूजीसीच्या गांधीनगरमधील इन्फ्लिबनेट केंद्राने बनवलं. ‘कोहा’ न्यूझीलंडमधून आलं. २००० पासून वापरात असलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भेट’. यादी ऑनलाइन ठेवली असेल, तर पुस्तक जागेवर आहे का, हे घरबसल्या मोबाइलवर दिसतं. या यादीला ‘ओपॅक’ म्हणतात.

मग अडतं कुठे?
सॉफ्टवेअर बसवणं सोपं. जुनं प्रत्येक पुस्तक हातात घेऊन नोंदवणं वेळखाऊ. मराठी पुस्तकांची अडचण आणखी वेगळी. नाव रोमन लिपीत नोंदवलं आणि तुम्ही देवनागरीत शोधलंत, तर कपाटात असलेलं पुस्तकही स्क्रीनवर सापडत नाही.

दुसरा बदल माणसांच्या कामाचा. देवघेव मशीनवर गेली, तर ग्रंथपालांचा वाचलेला वेळ विद्यार्थ्यांना संदर्भ शोधायला शिकवण्यात जायला हवा. कपाटं खुली करायची, तर पुस्तकं हरवण्याची थोडी जोखीमही कॉलेजने स्वीकारायला हवी. हे ठरवलं नाही, तर फक्त वही जाऊन कॉम्प्युटर येतो.

सगळ्यांना सारखं मिळतं का?
नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं खुली करते, पण ती केंद्र व राज्य सरकारी संस्थांसाठी आहे. इतर कॉलेजांना इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’सारखे पर्याय आहेत. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर कुणालाही मोफत वाचता येतात.

तुम्ही काय करू शकता?
ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारा : ओपॅकची लिंक कोणती? मराठी पुस्तकं देवनागरीत शोधता येतात का? घरून लॉगिन मिळेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’कडे झुकली, तर तुमची लायब्ररी खरंच बदलली आहे.